हलक्या सायकलीची जुळणी

नागभीड हे चंद्रपूर जिल्ह्याच्या उत्तर भागातील तालुक्याचे गाव. येथून नागपूरला जाणारा मोठा रस्ता भिवापूर आणि उमरेड या गावांवरून जातो. नागपूर व नागभीड यांना जोडणारी नॅरोगेज आगगाडी २०१९ मध्ये रुळांच्या रुंदीकरणासाठी बंद करण्यात आली. रस्ता मात्र रात्रंदिवस वाहत असतो. त्याच्या दोन्ही अंगांना कोठे धानाच्या बांध्या, कोठे बाभळी, तर कोठे सागाचे व मिश्र झाडांचे रान आहे. पावसाळ्यात हा रस्ता ओला असतो, आणि शेतांतून निघालेले ट्रॅक्टर आपल्या चाकांबरोबर बांधीतला चिखल त्यावर आणून टाकतात. पहाटेच्या वेळी चितळ, रानडुक्कर किंवा रोही अचानक रस्ता ओलांडून जातात.

या रस्त्याने नागपूर गाठावे आणि त्याच दिवशी परत यावे, असे एखाद्या सायकलस्वाराच्या मनात आले, तर त्याला सुमारे २०० किलोमीटर सायकल चालवावी लागेल. हे वाटते तितके अशक्य नाही. जगात अनेक देशांत ब्रेव्हे या फ्रेंच नावाने ओळखल्या जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या सफरी होतात. त्यांत पहिला-दुसरा असा क्रमांक काढीत नाहीत. ठरलेल्या वेळात अंतर पुरे केले की झाले. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास दिलेले असतात. अट एवढीच की, वाटेत सायकल बिघडली तर ती स्वाराने स्वतः दुरुस्त करावी. मागून मदतीची गाडी यावयाची नाही.

अशा सफरीसाठी कोणती सायकल असावी? शाळेत जाण्यायेण्याची साधी सायकल मजबूत असते. महाराष्ट्र शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून गावोगावच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या, त्या अशाच प्रकारच्या होत्या. तिच्यावर दप्तर बांधावे, धाकट्या भावाला मागे बसवावे, प्रसंगी पिठाची पिशवीही न्यावी. ती कुरकुरत नाही. परंतु तिचे वजन पंधरा ते वीस किलो असते. उलट शर्यतीची सायकल सात-आठ किलोचीच असते. ती याहून फार हलकी करू नये म्हणून आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने २००० मध्ये नियम केला की, शर्यतीतील सायकल ६.८ किलोपेक्षा कमी वजनाची असता कामा नये.

झाडीपट्टीतील मुलांना हा फरक सहज समजेल. शंकरपटात धावणारा छकडा आणि धान वाहणारी बंडी, दोन्ही बैलच ओढतात. छकड्यावर मात्र कोणी धानाची पोती लादीत नाही, आणि बंडी घेऊन कोणी पटावर उतरत नाही. नागभीड ते नागपूर आणि परत या सफरीची सायकल या दोहोंच्या मधली हवी: अंगाने छकड्यासारखी हलकी, पण घरी परत आणून सोडण्याच्या बाबतीत बंडीसारखी भरवशाची. तयार सायकल विकत न घेता एकेक भाग निवडून ती जुळवावयाची, तर निवड कशी करावी?

प्रथम हलकेपणाचा हिशेब पाहावा, कारण त्याविषयी पुष्कळांच्या कल्पना चुकीच्या असतात. समजा, दोन सायकली आहेत. एक नऊ किलोची आणि दुसरी अकरा किलोची. दोन किलो अधिक वजन १०० मीटर उंच चढवावयास सुमारे १,९६० ज्यूल इतके जास्त काम करावे लागते. साधारण तयारीचा स्वार दर सेकंदाला १५० ज्यूल काम करतो असे धरले, तर त्याला तेरा सेकंद अधिक लागतील. नागपूरच्या रस्त्यावर मोठा घाट नाही. येताजाताच्या सर्व लहानमोठ्या चढांची बेरीज ८०० मीटर धरली, तरी हे नुकसान पावणेदोन मिनिटांचे होते. वजनामुळे टायर व रस्ता यांच्यातील विरोधही वाढतो. तो हिशेबात घेतला, तरी सारे मिळून चार-पाच मिनिटांच्या पलीकडे जात नाही. साडेतेरा तासांत चार-पाच मिनिटे! भर पावसात एक पंक्चर काढावयास याहून जास्त वेळ लागतो.

मग हलकी सायकल हवीच कशाला, असे कोणी म्हणेल. तर ती हवी. कारण हलकी सायकल पायांच्या जोराला चटकन उत्तर देते. वाटेतल्या प्रत्येक गावात थांबून पुन्हा निघावे लागते, त्या वेळी हा फरक जाणवतो. विशेषतः चाकाच्या कडेला असलेले वजन येथे महत्त्वाचे ठरते. सायकलीचा सांगाडा फक्त पुढे जात असतो. चाकाची कड पुढेही जाते आणि फिरतेही. म्हणून तिला वेग देण्यास, तेवढेच वजन सांगाड्यात असते तर लागले असते त्याच्या जवळजवळ दुप्पट काम लागते. तेव्हा वजन कमी करावयाचेच असेल, तर रिम आणि टायर येथून आरंभ करणे शहाणपणाचे. पण येथेच पहिली अडचण उभी राहते, आणि ती ब्रेकची आहे.

साध्या सायकलीचे ब्रेक रिमला धरतात. मूठ दाबली की रबराचे गुटके रिमवर घासतात आणि घर्षणाने चाक थांबते. रस्ता कोरडा असेल तर या ब्रेकमध्ये काही उणे नाही. तो हलका आहे, स्वस्त आहे आणि कोणालाही दुरुस्त करता येतो. पण रिम जमिनीच्या जवळून फिरत असते. पावसात तिच्यावर पाण्याचा पापुद्रा बसतो. गुटक्यांनी तो पापुद्रा पुसून काढीपर्यंत ब्रेक नीट लागतच नाही. चाकाचा एक फेरा म्हणजे सुमारे २.१ मीटर अंतर. पाणी पुसले जाण्यात चार फेरे गेले, तर सायकल आठ मीटरांहून अधिक पुढे गेलेली असते. समोर अचानक रोही उभा राहिला असता हे आठ मीटर कोठून आणावयाचे? शिवाय चिखलातील वाळूचे कण गुटक्यांत रुततात आणि प्रत्येक वेळी रिमला कानशीप्रमाणे घासतात. हलकी रिम आधीच पातळ. तिचा पत्रा अशाने लवकर झिजतो.

यावर तोड म्हणून जो ब्रेक पुढे आला, तो डिस्क ब्रेक. मोटारी व मोटारसायकली यांना तो पूर्वीपासून होता. डोंगरात चालवण्याच्या सायकलींना नंतर मिळाला, आणि रस्त्यावरच्या शर्यतींत २०१८ मध्ये त्याला पूर्ण मान्यता मिळाली. बैलगाडीच्या चाकाला मधोमध जसा तुंबा असतो, तसा तो सायकलीच्या चाकालाही असतो. या तुंब्याला पोलादाची एक पातळ तबकडी जोडतात. सांगाड्याला बसवलेला चिमटा मूठ दाबताच या तबकडीला दोन्ही बाजूंनी धरतो. तबकडी चिखलापासून उंच असते, तिला भोके पाडलेली असल्यामुळे पाणी व माती तेथून निघून जाते, आणि ती झिजली तर चाक न बदलता तेवढीच बदलता येते.

तरीपण या सुखाची किंमत मोजावी लागते. घरातील जाते आठवावे. जात्याचा खुंटा कडेला बसवलेला असतो, म्हणून ते थोड्या जोराने फिरते. तोच खुंटा मधल्या खिळ्याजवळ रोवला तर दळणारीचे हात भरून येतील. थांबवण्याच्या बाबतीतही नियम हाच. रिमचा ब्रेक आसापासून सुमारे ३१ सेंटीमीटर अंतरावर चाकाला धरतो. १६० मिलिमीटर व्यासाच्या तबकडीला चिमटा धरतो ते अंतर मात्र साडेसात सेंटीमीटरांच्या आसपास असते. म्हणजे चाक तितक्याच लवकर थांबवावयाचे, तर तबकडीला चौपट जोराने रोखावे लागते. १४० मिलिमीटरची लहान तबकडी घेतली तर थोडे वजन वाचते, पण जोर आणखी लागतो. निदान पुढच्या चाकाला तरी १६० मिलिमीटरचीच तबकडी असावी. कारण ब्रेक दाबताच स्वाराचा भार पुढे झुकतो आणि थांबवण्याचे बहुतेक काम पुढचे चाक करते.

आता हा चौपट जोर जातो कोठे, ते पाहू. रिमचा ब्रेक लावला असता जोर रिमवरच येतो आणि तेथूनच टायरला व रस्त्याला मिळतो. मधल्या तारांना त्याची फारशी झळ लागत नाही. डिस्क ब्रेकमध्ये तुंबा अडतो, पण रस्ता टायरला फिरवीतच असतो. या दोहोंच्या ओढाताणीत चाकाच्या तारा सापडतात. म्हणून त्या तुंब्यापासून सरळ रिमकडे नेऊन चालत नाही. त्या तिरप्या व एकमेकींना छेदणाऱ्या अशा गुंफाव्या लागतात, आणि संख्येनेही अधिक लागतात. रिमच्या ब्रेकला पुढच्या चाकात अठरा-वीस तारा पुरतात. डिस्क ब्रेकच्या चाकात चोवीस ते अठ्ठावीस असलेल्या बऱ्या. खराब रस्त्यावर अठ्ठावीस तारांचा आणखी एक फायदा असा की, एखादी तुटली तरी चाक फारसे वाकडे होत नाही आणि स्वार हळूहळू का होईना, घरी पोचतो.

ओढाताण येथेच संपत नाही. चिमटा पुढच्या काट्याच्या डाव्या पायावर बसतो, म्हणून तो पाय जाड हवा. ब्रेक लागताच आस आपल्या खाचेतून निसटून खाली उतरू पाहतो; म्हणून उघड्या खाचेऐवजी बंद भोक ठेवून त्यातून १२ मिलिमीटर जाडीचा आस आरपार घालतात आणि तो आट्यांनी आवळतात. अशा आसाला जुना तुंबा चालत नाही, आणि अशा तुंब्याला जुना सांगाडा चालत नाही. एक ब्रेक बदलला, तर चाक, काटा, आस आणि सांगाडा या सर्वांना बदलावे लागले. जुन्या हलक्या सायकलीला नुसता डिस्क ब्रेक लावून टाकू, असे म्हणणाऱ्याला दुकानदार नाही म्हणतो, ते यासाठी. या सर्व भरीव कामामुळे सायकलीचे वजन पाव ते अर्धा किलो वाढते. वर केलेल्या हिशेबाप्रमाणे ही वाढ म्हणजे सबंध दिवसात एखादे मिनिट. ओल्या रस्त्यावर आठ मीटर आधी थांबण्यासाठी ते आनंदाने द्यावे.

सांगाडा कशाचा असावा, यावर सायकलवाल्यांत तासन्तास वाद चालतात. पोलाद पाण्याच्या पावणेआठपट जड आहे, ॲल्युमिनियम २.७ पट, आणि कार्बनच्या धाग्यांना राळेत बसवून केलेला पदार्थ दीडपटीहून थोडा अधिक. यावरून ॲल्युमिनियमचा सांगाडा पोलादाच्या तिसऱ्या हिश्शाचा होईल असे वाटते, पण तसे होत नाही. ॲल्युमिनियम लवचीक असल्यामुळे त्याच्या नळ्या जाड व्यासाच्या कराव्या लागतात. येथे निसर्गाचा एक नियम कारागिराच्या मदतीला येतो. पत्र्याची जाडी तीच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला, तर वजन दुप्पट होते, पण वाकण्याला होणारा विरोध आठपट होतो. बांबू पोकळ असूनही ताठ का उभा राहतो, हे यावरून कळेल. म्हणूनच हलक्या सायकलींच्या नळ्या इतक्या फुगीर दिसतात.

कार्बनचा सांगाडा सर्वांत हलका. परंतु दगडाचा वर्मी घाव बसला तर त्याला आतल्या आत तडा जाऊ शकतो, आणि तो बाहेरून दिसत नाही. पोलाद जड खरे, पण ते तुटण्याआधी वाकून सूचना देते आणि कोणत्याही गावी त्याला जोड देता येतो. नागभीडच्या स्वाराने ॲल्युमिनियमचा सांगाडा आणि कार्बनचा पुढचा काटा घेतला, तर वजन व किंमत दोन्ही आवाक्यात राहतात. कार्बनच्या काट्याने रस्त्याचे हादरे हातांपर्यंत कमी पोचतात, हा वरचा नफा.

टायरच्या बाबतीत मागच्या पिढीची समजूत होती की, टायर जितका अरुंद व टणक तितका वेग अधिक. गुळगुळीत पटांगणावर ते काही अंशी खरेही आहे. पण खडबडीत रस्त्यावर टणक टायर प्रत्येक खड्यावर सायकलीला व स्वाराला उचलतो, आणि त्या उचलण्यात पायांची मेहनत वाया जाते. रुंद टायर खडा आपल्या पोटात घेतो. म्हणून २५ मिलिमीटरऐवजी २८ किंवा ३२ मिलिमीटर रुंदीचा टायर घ्यावा. डिस्क ब्रेकचा येथे एक न मागितलेला फायदा मिळतो: टायरच्या भोवती रिमचा ब्रेक नसल्यामुळे रुंद टायरला मोकळी जागा राहते. मात्र सांगाड्याचे दुशाखे पुरेसे रुंद आहेत ना, हे आधी मोजून पाहावे.

या भागातला टायरचा खरा वैरी म्हणजे बाभळीचा काटा. त्यावर ट्यूब नसलेले टायर हा चांगला उपाय आहे. त्यांत दुधासारखा एक चिकट द्रव ओततात. काटा रुतला की हवेबरोबर तो द्रव भोकात येतो आणि तेथेच गोठून भोक बुजवतो. पण विदर्भाच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा हा द्रव लवकर आटतो. दोन महिन्यांनी टायर उघडून तो आहे की नाही हे पाहिलेच पाहिजे. आणि तरीही पिशवीत एक साधी ट्यूब असावी.

गिअरविषयी थोडक्यात सांगता येईल. पुढे ५० व ३४ दात्यांची दोन चक्रे आणि मागे ११ ते ३४ दात्यांची चक्रमाला असली, तर पायडलाच्या एका फेऱ्यात सायकल कमीत कमी २.१ मीटर आणि जास्तीत जास्त साडेनऊ मीटर जाते. साध्या सायकलीत पुढे ४४ व मागे १८ दाते असतील, तर हे अंतर नेहमी पाच-साडेपाच मीटर असते. वारा समोरून असो वा पाठीमागून. बसण्याची गादी, हँडल व पायडले यांत वजन वाचवण्याच्या नादी लागू नये. जी गादी आठ तासांनंतरही टोचत नाही, ती चांगली.

एक मोठा प्रश्न राहिला. डिस्क ब्रेकचा चिमटा दोन प्रकारांनी आवळता येतो. एका प्रकारात मुठीपासून चिमट्यापर्यंत पोलादी तार असते. दुसऱ्यात तेलाने भरलेली बारीक नळी असते. मूठ दाबली की तेलावर दाब येतो, आणि तो दाब चिमट्यातील दट्ट्यांना पुढे ढकलतो. मुठीकडचा दट्ट्या लहान व चिमट्याकडचे मोठे, म्हणून थोड्या जोराचा पुष्कळ जोर होतो. जात्याच्या उदाहरणात जो चौपट जोर हवा होता, तो येथे दोन बोटांनी मिळतो. पण या नळीत हवेचा बुडबुडा शिरला, तर बुडबुडा दबतो आणि चिमटा ढिला राहतो. मग सगळे तेल काढून नवे भरावे लागते. त्यासाठी लागणारी साधने लहान गावात सहसा नसतात. काही कंपन्या खनिज तेल वापरतात, तर काही मोटारीच्या ब्रेकचा द्रव. हा द्रव हवेतील ओलावा शोषतो, आणि एकाच्या जागी दुसरा घातला तर आतल्या रबरी कड्या खराब होतात.

मोठ्या शहरात राहणाऱ्याने तेलाचा ब्रेक खुशाल घ्यावा. नागभीडच्या स्वाराने मात्र तारेच्या ब्रेकला कमी लेखू नये. त्याची मूठ जरा जोराने दाबावी लागते आणि गुटके झिजतील तसा पेच फिरवावा लागतो. पण हे काम रस्त्याच्या कडेला बसून, खिशातल्या पान्याने होते. कोणत्याही प्रकारात दोन गोष्टी सांभाळाव्या. साखळीला तेल देताना एक थेंबही तबकडीवर उडू देऊ नये. तेलकट तबकडी धरीत नाही. आणि ब्रेक लावल्यावर तबकडीला हात लावू नये. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारा स्वार सायकलीसह ८० किलोचा असला, तर त्याला थांबवताना ४,००० ज्यूल उष्णता निर्माण होते. ती दोन तबकड्यांत सारखी वाटली गेली असे धरले, तरी प्रत्येक तबकडी एकाच थांब्यात तीस-पस्तीस अंशांनी तापू शकते. लांब उतारावर ती हात भाजण्याइतकी तापते.

२०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने सायकल चालवून बारा दिवसांच्या मुदतीत पुरी केली. त्याआधी २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी तीच शर्यत जोडीने पार केली होती. त्या शर्यतीत स्वाराच्या मागून गाडी असते, गाडीत माणसे व सामान असते. तेथे नाजूक चाक तुटले तर दुसरे मिळते. नागभीडच्या स्वाराच्या मागे तशी गाडी नाही. त्याच्या गादीखाली एक मूठभर पिशवी आहे. तीत ट्यूब, पाना, साखळीची एक कडी आणि ब्रेकचे दोन गुटके आहेत. त्याची सायकल त्या पिशवीला पेलेल इतकीच गुंतागुंतीची असावी.

अशी जुळवलेली सायकल शेवटी तराजूवर कशी दिसते? सांगाडा व काटा मिळून दोन किलो, तबकड्यांसह दोन्ही चाके दोन किलो, टायर व त्यांतील द्रव पाऊण किलो, ब्रेक व त्यांच्या मुठी जवळजवळ एक किलो, दंतचक्रे, साखळी व गिअर पावणेदोन ते दोन किलो, आणि हँडल, गादी, पायडले सव्वा ते दीड किलो. एकूण नऊ किलोंच्या आसपास. याच सायकलीचे रिम, तारा व सांगाडा यांत काटकसर करून आणखी एक किलो कमी करता येईल, आणि त्याला या सायकलीच्या दुप्पट पैसे पडतील. मग सांगाड्याला पाण्याच्या दोन बाटल्या लावल्या की त्या एकट्याच दीड किलो भरतात. मे महिन्यात नागभीडहून पहाटे भरून नेलेल्या या बाटल्या उमरेडला पोचण्याच्या आतच रिकाम्या होतात, आणि तेथे पुन्हा भरून घ्याव्या लागतात.